युजेनिक्सचा तास हिटलरपासून सुरू करू नका

बारावीला आनुवंशिकता शिकवून झाली की दोन तास जादा काढायचे आणि युजेनिक्सचा, म्हणजे सुप्रजननशास्त्राचा (कुणी मुलं जन्माला घालावीत आणि कुणी नाही हे ठरवून वंश "सुधारायचा" हा विचार), इतिहास मुलांपुढे ठेवायचा हा माझा नोकरीतला जुना हट्ट. परीक्षेला हे येत नाही, त्यामुळे वरून कुरकुर व्हायची. आता मी निवृत्त आहे, तरी कोल्हापुरातल्या राजारामपुरीपासून कागलपर्यंतच्या कॉलेजांतले जीवशास्त्राचे सर आणि मॅडम फोन करून विचारतात, "बाई, हा तास कसा घ्यायचा?" दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकते.

पहिली गोष्ट वर म्हटलीच आहे. गॅस चेंबरपासून सुरुवात केलीत तर दहा मिनिटांत सगळा वर्ग योग्य बाजूला जाऊन बसतो. सगळे संतापलेले, सगळे निर्दोष. ते जर्मन, ते नाझी, आपला काय संबंध? मग उरलेला वेळ तुम्ही भिंतीशी बोलता. हा विचार शिकल्यासवरल्या, सुधारकी, बऱ्याचदा सज्जन माणसांनी मांडला, वाढवला, कायद्यात आणला. त्यांतले काही आपल्या भवानी मंडपाच्या आसपास वावरत होते. मुलांना हे कळलं तर तास झाला म्हणायचा. हिटलर येईलच, पण त्याला दुसऱ्या तासापर्यंत थांबवा.

आदल्या दिवशीची तयारी

सामान फार लागत नाही. एक मोजपट्टी, शिंप्याकडची असते तसली. पांढरे वाटाणे १८० आणि काळे हरभरे २०, एका कापडी पिशवीत. रविवारच्या पेपरातलं वधू-वर पान, नावं आणि फोन नंबर काळ्या पेनाने खोडलेलं. मुलांना घरचा बायोडाटा आणायला सांगू नका. घरची जात, घरची जमीन, घरची भांडणं सगळं वर्गात येतं आणि मग ते आवरत नाही.

याहून महत्त्वाचं काम वेगळंच आहे. तुमच्या वर्गात एखाद्याचा भाऊ गतिमंद असेल, एखादीची बहीण डाउन सिंड्रोमची असेल, एखादा मुलगा स्वतः हिमोफिलियाचा असेल. वर्गशिक्षकांकडून आधी माहिती काढा आणि त्या मुलाशी आदल्या दिवशी एकट्याने बोला. "उद्या असा असा विषय आहे. तुला बसायचं नसेल तर लायब्ररीत बस, हजेरी मी लावते. बसलास तर तुला कुणी काही विचारणार नाही, हे मी बघते." बहुतेक जण बसतात. तासभर आपल्या बहिणीला "दोषयुक्त संतती" म्हटलेलं ऐकायचं, तेही अचानक, ही शिक्षा कुणाला देऊ नये. आणि फळ्यावर जुने शब्द लिहायची वेळ आली (फीबलमाइंडेड, इंबेसाइल, नालायक वंश) तर अवतरणचिन्हात लिहा आणि बोलतानाही तशीच बोटं वाकवून दाखवा. मुलं हसतात, पण शब्द कुणाचा आहे हे त्यांच्या ध्यानात राहतं.

पहिला तास : मोजपट्टी

वधू-वर पान वाचून दाखवा. उंची, वर्ण, रक्तगट, ९६ कुळी, निर्व्यसनी, शिक्षण, पगार, शेती. मग एवढंच विचारा की यातलं रक्तातून पुढच्या पिढीत काय जातं? उंची, वर्ण, रक्तगट यांवर सगळ्यांचं एकमत होतं. "निर्व्यसनी"वर वाद होतो. "९६ कुळी"वर वर्ग एकदम गप्प होतो. तो गप्पपणा तिथेच राहू द्या, लगेच जातीवर भाषण सुरू करू नका. त्याची पाळी पुढे आहे.

आता उंची. प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव न घालता स्वतःची, आईची आणि वडिलांची उंची लिहायची. आई किंवा वडील नसतील, दत्तक असेल, माहीत नसेल, तर कोरी चिठ्ठी टाकायची. कोऱ्या चिठ्ठ्या का, हे विचारायचं नाही. आईच्या आणि मुलींच्या उंचीला १.०८ ने गुणा, मग आईवडिलांची सरासरी काढा आणि आडव्या अक्षावर ती, उभ्या अक्षावर मुलाची, असे ठिपके फळ्यावर मांडा. १.०८ हा आकडा माझा नाही, फ्रान्सिस गॉल्टनचा आहे. डार्विनचा हा सावत्र नात्याने आतेभाऊ, १८२२ चा जन्म, घरचा गडगंज, आणि मोजण्याचं भयंकर वेड. १८८६ मध्ये त्याने २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं यांच्या उंचीचा असाच तक्ता केला. त्यात त्याला दिसलं की फार उंच आईबापांची मुलं सरासरीने उंच असतात खरी, पण आईबापांपेक्षा थोडी कमी. बुटक्यांची मुलं बुटकी, पण आईबापांपेक्षा थोडी जास्त. दोन्ही टोकं मधल्याकडे सरकतात. आज संख्याशास्त्रात ज्याला रिग्रेशन म्हणतात ते इथून आलं.

याच माणसाने १८६९ मध्ये इंग्लंडमधल्या नामांकित घराण्यांच्या वंशावळी गोळा करून बुद्धी रक्तातून येते असं मांडलं आणि १८८३ मध्ये "युजेनिक्स" हा शब्द घडवला. लायक माणसांनी जास्त मुलं जन्माला घालावीत, नालायकांनी कमी, म्हणजे वंश सुधारेल, असं त्याचं म्हणणं. न्यायाधीशाचा मुलगा न्यायाधीश होतो यात वडिलांच्या ओळखी, शाळेची फी आणि घरातली पुस्तकं किती आणि रक्त किती, हा हिशेब त्याने कधी नीट केला नाही. आपल्याकडे "पैलवानाच्या पोटी पैलवान" म्हणतातच. मग विचारा : त्या पोराला पहाटे चारला उठवून तालमीत कोण नेतं? बदाम आणि दूध कोण पुरवतं?

इथे एक सावधगिरी. रिग्रेशन आहे म्हणजे निवडीचा काही परिणामच होत नाही, असं मुलांना सांगू नका. ते चूक आहे आणि हुशार पोर तुम्हाला तिथेच पकडेल. उंची बऱ्याच प्रमाणात आनुवंशिक आहेच. तुमच्या फळ्यावर आणखी एक गोष्ट बहुधा दिसेल : ठिपक्यांचा सगळा थवाच वर सरकलेला असतो, मुलं आईबापांपेक्षा उंच. एका पिढीत जनुकं बदललेली नाहीत. दूध बदललं, अंडी आली, लसी आल्या, पोरांचे जुलाब कमी झाले.

हे ठिपके फळ्यावर असतानाच शाहू महाराजांचं सांगा, एरवी तो भाग इतिहासाच्या तासाचा वाटतो. १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी बोर्डिंग उभी राहिली, १९०२ मध्ये संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. ज्या पोरांच्या घराण्यात अक्षर नव्हतं ती पोरं शिकून अधिकारी झाली. रक्त तेच होतं, फक्त राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण मिळालं. याच वर्षांत, १९०७ मध्ये, अमेरिकेच्या इंडियाना राज्याने जगातला पहिला सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. दोन्ही सनावळ्या एकाखाली एक लिहा. वेगळं काही बोलायची गरज पडत नाही.

वाटाणे आणि हरभरे

तास संपायला वीस मिनिटं असताना पिशवी काढा. काळा हरभरा म्हणजे एखाद्या आजाराचं अप्रभावी जनुक. दोन काळे एकत्र आले तर माणूस आजारी. एक काळा एक पांढरा, तर तो नुसता वाहक, त्याला स्वतःला काही त्रास नाही. मुलांनी न बघता दोन-दोन दाणे काढून जोड्या लावायच्या. २०० दाण्यांच्या १०० जोड्या होतात. त्यांत सरासरीने काळी-काळी जोडी एक, मिश्र १८, बाकी ८१ पांढऱ्या. कधी काळी-काळी जोडी एकही निघत नाही, कधी तीन निघतात. मुलांना योगायोग कळायला तेही बरं.

आता तुम्ही सरकार व्हा. काळ्या-काळ्या जोड्या उचलून बाजूला टाका : "यांना मुलं होऊ द्यायची नाहीत." मग उरलेले काळे मोजायला लावा. २० पैकी १८ पिशवीत सुखरूप. प्रमाण १० टक्क्यांवरून जेमतेम ९ वर आलं. एवढा मोठा अत्याचार करून एका पिढीत एवढीच प्राप्ती. दाणे परत पिशवीत घाला, पुन्हा जोड्या, पुन्हा उचला. तिसऱ्या फेरीला मुलं कंटाळतात, कंटाळू द्या.

फळ्यावर कोल्हापूर शहराचा हिशेब मांडा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण साडेपाच लाख. आजार १०,००० मागे एकाला होतो असं धरा. म्हणजे शहरात आजारी सुमारे ५५ आणि वाहक जवळजवळ १०,९००. वाहक म्हणजे महाद्वार रोडवर तुमच्याशेजारून चाललेला, स्वतःला ठणठणीत समजणारा माणूस. कदाचित तुम्ही, कदाचित मी. प्रत्येक पिढीत सगळ्याच्या सगळ्या आजारी माणसांची नसबंदी केली तरी त्या जनुकाचं प्रमाण निम्म्यावर यायला १०० पिढ्या लागतात. पिढी २५ वर्षांची धरली तर २,५०० वर्षं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सातवाहन काळातल्या ज्या वस्तू निघाल्या त्यांच्याही आधीपासून हा कार्यक्रम न चुकता राबवावा लागला असता.

हे गणित मागाहून सुचलेलं शहाणपण नाही. आईबापांच्या जनुकांच्या जोड्या मांडायची पनेटची चौकट मुलं रोज काढतात, त्याच रेजिनल्ड पनेटने १९१७ मध्ये असा हिशेब करून दाखवला होता : मतिमांद्य एका अप्रभावी जनुकामुळे येतं असं धरलं, तर शंभरात एकाचं प्रमाण लाखात एकावर आणायला ८,००० वर्षांहून जास्त लागतील. तरीही पुढच्या वीस वर्षांत कायदे थांबले नाहीत, वाढले.

आणि हिशेब चुकला म्हणून विचार चूक, असं म्हणून तास संपवू नका. मुलांना घरी हा प्रश्न द्या : हिशेब बरोबर आला असता तर? आज रक्ताच्या चाचणीने वाहकही सापडतात, म्हणजे गणित बदललं. मग त्या १०,९०० जणांचं काय करायचं?

दुसरा तास : कॅरी बक

या तासात एकाच माणसाची गोष्ट सावकाश सांगा. आकडे ऐकून पोरं जांभया देतात.

कॅरी बक, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातली मुलगी, जन्म १९०६. आई गरीब, म्हणून हिला लहानपणीच दुसऱ्या कुटुंबात ठेवलेलं. शाळेत बरी होती, पण घरकामासाठी शाळा सोडायला लावली. सतराव्या वर्षी त्या कुटुंबाच्या पुतण्या-भाच्यांपैकी एकाने तिच्यावर बलात्कार केला. दिवस गेले. घराण्याची अब्रू वाचवायची म्हणून कुटुंबानेच तिला मंदबुद्धी आणि बदफैली ठरवून लिंचबर्गजवळच्या सरकारी वसाहतीत टाकलं. तिची आई एमा आधीपासून तिथेच होती. १९२४ मध्ये व्हर्जिनियाने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि तो कोर्टात टिकतो का हे बघायला कॅरीची केस निवडली. तीन पिढ्या दाखवायच्या होत्या, म्हणून कॅरीची तान्ही मुलगी व्हिव्हियनही तपासली. तपासली म्हणजे काय, तर सात महिन्यांच्या पोरीकडे बघून एका समाजसेविकेने सांगितलं की ही काही अगदी नॉर्मल दिसत नाही. कॅरीच्या बाजूने उभा राहिलेला वकील वसाहतीच्या लोकांचा जुना दोस्त; त्याने एकही साक्षीदार आणला नाही.

२ मे १९२७ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी कायदा उचलून धरला. निकाल लिहिणारे ऑलिव्हर वेंडेल होम्स आजही मोठे न्यायमूर्ती म्हणून शिकवले जातात. मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या, अशा अर्थाचं वाक्य त्यांनी त्यात घातलं. ऑक्टोबरमध्ये कॅरीची नसबंदी झाली. तिच्या धाकट्या बहिणीचीही केली, अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे असं सांगून. मूल का होत नाही हे त्या बाईला म्हातारपणी कळलं. व्हिव्हियन शाळेत गेली, एकदा गुणवंतांच्या यादीत आली आणि १९३२ मध्ये आठ वर्षांची असताना आजारपणात वारली.

इथे पाच मिनिटं थांबा. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मी एवढंच बघितलो की त्या पोराला कुणी काय विचारलंच नाही." तिला बलात्कार करणारा म्हणायचं होतं. त्याच्या आनुवंशिकतेची तपासणी झाली नाही, हे माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात माझ्या तोंडी असं नेमकं कधी आलं नव्हतं.

मग बाकीचं भरभर सांगा. अमेरिकेत ६०,००० हून जास्त माणसांची अशी नसबंदी झाली, त्यांतली २०,००० एकट्या कॅलिफोर्नियात. कॅन्ससच्या जत्रेत १९२० पासून गुरांच्या स्पर्धेसोबत "अधिक सुदृढ कुटुंब" स्पर्धा भरायची आणि पदकं मिळायची. नमुना कायदा लिहिणाऱ्या हॅरी लॉफलिनने अपस्माराच्या रुग्णांना यादीत घातलं होतं; पुढे त्याला स्वतःलाच फिट येत. त्याच्या नमुन्याशी मिळताजुळता कायदा जर्मनीने जुलै १९३३ मध्ये केला आणि १९३६ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने त्याला मानद पदवी दिली. हिटलर येतो तो इथे. सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी. मग १९४० आणि ४१ मध्ये ७०,००० हून जास्त अपंग आणि मनोरुग्णांना मारून टाकलं. त्या काळातल्या जर्मन शाळेच्या गणिताच्या पुस्तकांत उदाहरणं असत : एका मनोरुग्णावर रोज इतका खर्च, तर तेवढ्यात किती कुटुंबांना घरं बांधता येतील? हे मात्र नक्की सांगा, कारण "आपल्या करातून यांना का पोसायचं" हे वाक्य मुलांनी मोबाइलवर वाचलेलं असतं.

युद्धानंतर सगळं थांबलं, असं पोरांना वाटतं. स्वीडनमध्ये १९३४ ते १९७५ या काळात साधारण ६३,००० नसबंद्या झाल्या, आणि राज्य होतं कल्याणकारी, लोकशाही पक्षांचं. जपानचा कायदा १९४८ चा, रद्द झाला १९९६ ला, आणि तो घटनाबाह्य होता हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं जुलै २०२४ मध्ये.

आता कोल्हापूर

हा भाग टाळायचा मोह होतो. टाळू नका. ना. सी. फडके आपल्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते, हे मुलांना आजोबांकडून ऐकून माहीत असतं. कादंबरीकार म्हणून नाव अजून टिकून आहे. त्यांनी १९२७ मध्ये भारतात युजेनिक्सची चळवळ हवी असं मांडणारं पुस्तक इंग्रजीत लिहिलं आणि त्याला अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या पुढारी मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. कॅरी बकचा निकाल लागला तेच हे वर्ष. मुंबईत र. धों. कर्व्यांचं "समाजस्वास्थ्य" निघायला लागलं तेही हेच वर्ष. त्याच्या सहा वर्षं आधी त्यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं आणि या कामापायी प्राध्यापकी गमावली होती.

फडक्यांना खलनायक करू नका, त्यांचा पुतळाही उभारू नका. त्या काळात बाईला बाळंतपणांतून सुटका हवी असं उघड बोलणारी माणसं मोजकी होती आणि त्यांना शिव्याच मिळायच्या. पण त्याच लिखाणात "बाईला मूल नको असेल तर" आणि "अमक्या लोकांना मूल नकोच" हे दोन धागे एकमेकांत विणलेले असत. करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन त्या काळातली कुठली का मासिकं मिळेनात, मुलांना चाळायला लावा आणि दोन रंगांच्या पेन्सिलींनी वहीत नोंद करायला सांगा : हे वाक्य बाईच्या बाजूचं, हे वंशाच्या बाजूचं. काही वाक्यांना दोन्ही रंग लागतात. त्या वाक्यांवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

मग इरावती कर्वे. बर्लिनच्या ज्या संस्थेत त्यांनी १९२० च्या दशकाअखेरीस पीएच.डी. केली, तिच्या नावातच "युजेनिक्स" होतं आणि मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, नाझी वंशशास्त्राचे पुढचे मोठे आधारस्तंभ. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक आणि वंश यांचा संबंध आहे असं गुरूंना वाटत होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं लिहिलं. विशीतल्या मराठी विद्यार्थिनीने, परक्या भाषेत, गुरूच्या देखत. पुढे त्यांनी महाराष्ट्रात परतून जातीजातींची मोजमापं घेतलीच, हेही सांगा; गोष्ट फार गोड करू नये.

आणि वधू-वर पानावर वर्ग गप्प झाला होता, त्याचं उत्तर आंबेडकरांकडे आहे. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण तिथे कधीच न झालेल्या भाषणात त्यांनी जातीच्या बाजूने केला जाणारा हा रक्तशुद्धीचा युक्तिवाद घेतला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : जात वंश सुधारण्यासाठी असेल तर बेटीबंदीचं कारण एकवेळ समजेल, रोटीबंदी कशाला? आणि इतकी शतकं ही निवड चालली असेल तर तिचं फळ म्हणून जी प्रजा दिसते तिच्यातले दहापैकी नऊ जण सैन्यभरतीला नापास का? मुलं इथे हसतात. हसू द्या, पण मग वाटाण्या-हरभऱ्याची पिशवी पुन्हा दाखवा. लहान पिशवीत, त्याच त्या दाण्यांत पिढ्यान् पिढ्या जोड्या लावत राहिलं तर काळे-काळे जास्त वेळा एकत्र येतात. शुद्ध रक्त म्हणतात ते जीवशास्त्राच्या भाषेत हे असं असतं.

जे प्रश्न हमखास येतात

"गाय भरवताना वळू बघूनच घेतो की आम्ही. मग माणसाचं काय?" हा प्रश्न शिरोळ, करवीरकडची शेतकऱ्यांची पोरं विचारतात आणि तो चांगला आहे. झटकू नका. उलट विचारा : खिलार कशाला आणि पंढरपुरी म्हैस कशाला? एक ओढकामाला, एक दुधाला. "चांगलं" काय ते मालकाच्या गरजेवर ठरतं. जे जनावर गरजेचं नाही ते बाजारात जातं. माणसांत मालक कोण, एवढंच विचारून खडू खाली ठेवा.

"मामाची पोरगी केली तर पोरं अधू होतात?" आपल्या भागात ही लग्नं घरोघरी झालेली आहेत, वर्गात अशा जोडप्यांची मुलं बसलेली असतात. आकडा स्वच्छ सांगा : कुठल्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात गंभीर दोष असण्याची शक्यता साधारण ३ टक्के धरली, तर सख्ख्या मामे-आते भावंडांत ती ५-६ टक्क्यांच्या घरात जाते. वाढते, पण १०० पैकी ९४-९५ मुलं नीटच असतात. घराण्यात माहीत असलेला आजार असेल तर जनुकीय सल्ला घ्यावा. तिथेच थांबा.

"मग थॅलेसेमियाची चाचणी हेही युजेनिक्सच?" माझं मत विचाराल तर चाचणी करावी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता, आणि थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला जन्मभर रक्त चढवावं लागतं. पण सायप्रसचं उदाहरण द्या : तिथे चर्चमध्ये लग्न लावायला चाचणी केल्याचं प्रमाणपत्र लागतं, मात्र निकाल काहीही आला तरी लग्न अडवत नाहीत. चाचणी, सक्तीची चाचणी, लग्नबंदी आणि नसबंदी अशा चार पायऱ्या फळ्यावर काढा आणि प्रत्येकाला विचारा, तू कुठल्या पायरीवर थांबशील आणि का. इथे वर्ग फुटतो, फुटायलाच हवा.

मुलगा-मुलगी हा विषय मुलं स्वतःहून काढत नाहीत. तुम्ही काढा. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या १,००० मुलांमागे ८३९ मुली होत्या. राज्याचा आकडा ९१३ होता. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा १९८८ चा राज्याचा कायदा आणि १९९४ चा केंद्राचा कायदा असूनही. इथे कुठल्या सरकारने सक्ती केली नव्हती. घराघरांनी, सोनोग्राफीच्या खोलीत, स्वखुशीने केलेली निवड होती ती. सक्ती नसली की सगळं ठीक, असं म्हणणाऱ्या पोरांना हा आकडा द्यायचा.

सक्तीचा इतिहासही आपल्याकडे आहे. आणीबाणीत, १९७६-७७ च्या एका वर्षात, देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, आणि १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करण्याचं विधेयक आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. याला युजेनिक्स म्हणायचं की लोकसंख्या नियंत्रण, यावर वाद होऊ द्या. पकडून कोणाला आणलं जात होतं ते मात्र वादातून निसटू देऊ नका. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी गृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण. बायकांच्या संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबलं. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने चंदीगडच्या एका मतिमंद, गरोदर मुलीच्या खटल्यात, मूल ठेवायचं की नाही हे तिच्या संमतीशिवाय ठरवता येणार नाही असं सांगितलं आणि निकालात युजेनिक्सचा उल्लेखही केला. तो निकाल अकरावीच्या मुलांनाही वाचता येईल इतका सोपा आहे. दोन पानं झेरॉक्स काढून वाटा.

लेखी काम

हात वर करून मत घेऊ नका. लिहून घ्या, घरी, एक पान. विषय म्हणून मी एक प्रसंग देते : परदेशात काही कंपन्या आयव्हीएफच्या (प्रयोगशाळेत तयार केलेल्या) भ्रूणांना जनुकांवरून गुण देऊन, कुठला जास्त उंच किंवा हुशार निघेल याचा अंदाज विकतात. आपल्याकडे २०२१ चा कायदा भ्रूणाची तपासणी फक्त माहीत असलेल्या आनुवंशिक आजारांपुरती करू देतो. हा कायदा सैल करावा का?

गुण देताना कायद्याच्या बाजूचा की विरोधातला, हे बघू नका. मोजपट्टीचा तास कळला आहे का ते बघा : हुशारी हा एका जनुकाचा मामला आहे असं लिहिणाऱ्याचे दोन गुण कापा. आणि ज्या पालकांना गुण बघायचेच नाहीत, किंवा कमी गुणांचाच भ्रूण हवा आहे, त्यांच्याशी डॉक्टर, सासू आणि विमा कंपनी कशी वागेल याबद्दल एक ओळही ज्याने लिहिली नसेल, त्याचा कागद परत करा आणि सोमवारपर्यंत भर घालून आणायला सांगा.